हात लावू नका

प्रिय खांबोजी,

तू बाहेरच्या खोलीत खुर्चीत झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. मध्ये एक भिंत आणि एक नीट न लागणारं दार. इतक्या जवळच्या पत्त्यावर पत्र पाठवणारी मी पहिलीच असेन. पण परवा तू म्हणालास, "या घरात आता त्या विषयावर एक शब्द बोलायचा नाही," आणि माझं डोकं कुठे गेलं होतं कोण जाणे, मी "बरं" म्हणाले. शब्द दिला तो बोलण्याबद्दल. लिहिण्याबद्दल तू काही म्हणाला नाहीस. नन्सच्या शाळेत दहा वर्षं काढलेल्या बाईकडून शब्द घ्यायचा तर नीट कलमवार घ्यावा माणसानं.

आणि हो, 'तू' म्हणते आहे. बोलताना 'अहो', मुलीसमोर 'तुझे बाबा', आणि कागदावर, लग्नाआधीपासून, 'तू', ही आपली वाटणी आहे. मधे बरीच वर्षं कागदाची गरज पडली नाही. जे काही सांगायचं ते मी ओरडून सांगत होते आणि तू ते ऐकत नव्हतास. उत्तम चाललं होतं आपलं.

आधी घरच्या बातम्या. मोरीतला नळ गळायचा थांबला. प्लंबरला मी इतकं सुनावलं की नळच घाबरला असावा. दुपारी मुलीचा फोन येऊन गेला. तू झोपला आहेस म्हटल्यावर तिनं विचारलं, "अजून खुर्चीतच?" मी म्हटलं, "अजून खुर्चीतच." पूर्वी तू तिला सांगितलं होतंस, "तुझी आई घोरते, म्हणून मी बाहेर झोपतो." तेव्हा मी दिवसभर तुझ्याशी अबोला धरला होता. आता वाटतं, खरंच घोरत असते तर किती बरं झालं असतं! आधी तुला दोन उशा लागायला लागल्या, मग तीन, मग "आडवं झालं की जरा कोंडल्यासारखं होतं" असं म्हणून तू उठून बसायला लागलास आणि शेवटी ती खुर्ची. पलंगावर मी एकटी. क्रिकेटचं मैदान झालं आहे त्याचं.

आत्ता इथून तुझा श्वास ऐकू येतो. शिट्टी वाजते बारीक. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला घरातला आवाज ऐकू येणार नाही असं तुला वाटतं, याचंच मला नवल वाटतं.

तुला मी पहिल्यांदा कानानंच ओळखलं, पाहिलं नंतर. टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या लांब खोलीत आम्ही बारा जणी ओळीनं स्टुलांवर, समोर भोकांच्या फळ्या आणि दोऱ्या, आणि मी नवी सुपरवायझर, इंग्रजी शाळेतली म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत खुपणारी. तू लाइनमन, कुठूनतरी खांबावरून तपासणीचा फोन जोडायचास आणि म्हणायचास, "हॅलो, लाइन आली का बाई?" मागे वाऱ्याचा आवाज. लाइन केव्हाच आलेली असायची. तरी तू विचारत राहायचास आणि मी "आवाज नीट येत नाही, पुन्हा बोला" म्हणत राहायचे. मुलींनी तुला 'खांबोजी' नाव ठेवलं ते तेव्हा. मी लग्नाचं घरी सांगितलं तर माझा भाऊ म्हणाला, "जावई बघायला मान वर करावी लागणार तर!" टोमणा होता, पण मला आवडला. कमरेला पट्टा, पायाला आकडे, आणि तू सरसर वर. खाली उतरलास तरी तुला धाप म्हणून नसायची.

मग नऊ वर्षांपूर्वी तू भाजीच्या दुकानात, रांगेत उभा असताना, खाली पडलास. हातातली पिशवी सोडली नाहीस. माणसांनी उचललं तेव्हा नाडी मिनिटाला तीसेक होती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय चांगलं आहे, स्नायू चांगला आहे, फक्त वरून खाली जाणारा विजेचा निरोप मधेच अडतो आहे. तू लगेच म्हणालास, "म्हणजे लाइन तुटली." डॉक्टर खूश झाले, आम्हीही खूश झालो. गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र, त्यातून एक तार शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. हृदय विसरलं की यंत्र आठवण करणार. आठवड्याभरात तुझ्या चेहऱ्यावर रंग आला. त्या यंत्रानं तुला परत आणलं हे मी नाकारत नाही. ते नसतं तर मी आज हे पत्र लिहीत नसते, वर्षश्राद्धं मोजत बसले असते.

म्हणून तर मला इतका संताप येतो. ज्यानं वाचवलं त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या?

दर सहा महिन्यांनी आपण तपासणीला जायचो. तो हसरा बॅटरीवाला तुझ्या छातीवर माउससारखं काहीतरी ठेवायचा, पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "काका, बॅटरी एक नंबर. शंभर टक्के यंत्रावर चाललंय, एक ठोका चुकत नाही." तू शर्टाची बटणं लावत असा बाहेर यायचास जसं काही बोर्डात आलास. मग समोरच्या दुकानात आइस्क्रीम. मी एकदा त्याला विचारलं होतं, "बाकी सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "काकू, यंत्राला काही झालेलं नाही, निश्चिंत राहा." खोटं नव्हता बोलत बिचारा. त्याला यंत्र बघायला ठेवलं होतं, तो यंत्र बघत होता.

आणि तू दमायला लागलास. एकदम नाही, लबाडीनं, हळूहळू. जिन्याच्या पहिल्या वळणावर विजेचे मीटर आहेत, तिथे तू थांबून मीटर वाचायला लागलास. "तळमजल्याचं चक्र बघ कसं गरगरतंय, यांचं बिल येणार बघ." मला वाटलं, रिटायर झालेला लाइनमन, तारा दिसल्या की हात शिवशिवत असतील. मग बाजाराची पिशवी माझ्याकडे आली. मग मोज्यांचे वळ घोट्यावर उठायला लागले. मग कोरडा खोकला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, ते संपल्यावर दुसरं दिलं आणि वर म्हणाले, "वय झालं आता, चालायचंच." मी विचारलं, "वय हा रोग आहे की तुमची सोय?" तेव्हा तू माझा पदर ओढलास. नेहमीसारखा.

शेवटी मुलीनं तिकडून फोनवर फोन करून त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. आपल्या लेकीहून लहान असतील. छातीवर गार जेली लावून त्यांनी इको केला, बराच वेळ केला, आणि मग पडदा आपल्याकडे वळवला. म्हणाल्या, "काका, तुमचा पंप अठ्ठावीस टक्क्यांवर आला आहे. पंचावन्न-साठ असायला हवा."

तू म्हणालास, "म्हणजे नापास?"

"काठावरसुद्धा नाही, काका. याआधीचा इको कधी केला होता?"

आपण एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, "यंत्र बसवलं तेव्हा. नऊ वर्षं झाली. पण दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची की! एकही चुकवली नाही."

"ती यंत्राची, काकू," त्या म्हणाल्या. "हृदयाची नाही."

मग त्यांनी समजावलं, आणि चांगलं समजावलं, हे आता शांत डोक्यानं कबूल करते. निरोगी हृदयात विजेचा निरोप स्वतःच्या राजरस्त्यानं येतो आणि दोन्ही बाजू एकदम आवळल्या जातात. यंत्राची तार एका कोपऱ्यात टेकलेली. निरोप तिथून निघतो, मांसातून वाट काढत दुसऱ्या बाजूला उशिरा पोचतो. उजवी बाजू आवळून मोकळी होते तेव्हा डावी कुठे सुरुवात करते. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं त्यानंतर ओढायची. अशानं विहिरीतलं पाणी वर येईल, पण माणसं दमतील. वर्षानुवर्षं, प्रत्येक ठोका असाच. सगळ्यांचं हृदय याला दमत नाही; पुष्कळ जण त्याच यंत्रावर ठणठणीत राहतात. तुझं दमलं. स्नायू सैल पडला, कप्पा फुगला. त्यावर उपाय म्हणजे आणखी एक तार, डाव्या बाजूला, म्हणजे दोघं पुन्हा एकदम ओढतील. आधी औषधानं अंगातलं पाणी उतरवायचं, मग ऑपरेशन.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. तू मान हलवत होतास. आणि मग माझं तोंड सुटलं.

काय काय बोलले ते तुला पाठ असेल, तरी लिहिते. "म्हणजे तार तुम्हीच घातलीत, तिनं हृदय बिघडलं, नऊ वर्षं एकानंही बघितलं नाही, आणि आता आणखी एक तार तुम्हीच घालणार? वा! आग लावायची आणि मग बंब घेऊन यायचं! माणूस जिना चढताना थांबत होता आणि तुम्ही बॅटरी मोजत होतात." त्या बाई म्हणाल्या, "काकू, जरा ऐकून घ्या." मी म्हटलं, "नऊ वर्षं ऐकूनच घेतलं. आता माझ्या नवऱ्याला हात लावू नका."

आणि तू उठलास. धापा टाकत बूट चढवलेस, नाड्या बांधल्या नाहीस, आणि डॉक्टरांना म्हणालास, "येतो मग. आमच्या सुपरवायझरनी लाइन बंद केली."

त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. वादळानंतर टेलिफोनची तार विजेच्या तारेवर पडलेली असायची. तेव्हा आपल्याकडे एकच नियम होता: सुपरवायझरनं "हात लावू नका" म्हटलं की कुठल्याही लाइनमननं त्या तारेला शिवायचं नाही, आणि ज्या बाईनं बंद केली तिनंच मोकळी केल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. साहेबाचंही नाही. एका वादळात तू दोन तास खांबाखाली पावसात उभा होतास, कारण मला दुसऱ्या टोकाचा फोन लागत नव्हता. इंजिनियर ओरडत होता, "अरे चढ, सांगतो ना मी!" तू हलला नाहीस. आपल्या लग्नाचं मी त्या दिवशी ठरवलं.

घरी आल्यावर, चहा घेऊन, कपडे बदलून, मला वाटलं माझा राग उतरला तसा तुझा हट्टही उतरला असेल. मी म्हटलं, "अहो, मी रागात बोलले. लाइन मोकळी आहे. जाऊ या उद्या." तू खुर्चीतून हसलास आणि म्हणालास, "त्या सुपरवायझर रिटायर झाल्या. आता मोकळी करायचा अधिकार नाही त्यांना." मला वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणालास, "तूच म्हणालीस ना, आग लावणारे? चाळीस वर्षांत तुझं एक ऐकलं नाही, आता एवढं ऐकतो." तिसऱ्या दिवशी विषयच बंद केलास.

मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू बाबांना समजाव ना, तुझं ऐकतात ते." मी तिला काय सांगू? ऐकतात म्हणून तर ही वेळ आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझीच वाक्यं तू मला सांगतोस, त्यांना काय उत्तर देऊ? ती चुकीची नव्हती. आजही नाहीत. त्या खोलीत एकही खोटा शब्द माझ्या तोंडून गेला नाही, आणि त्याच खऱ्या शब्दांची कडी लावून तू आत बसला आहेस.

आणि खरं कारण मला ठाऊक आहे. तुला भीती वाटते. वीस हात उंचीवर एका पट्ट्याला लटकलेला माणूस, पण यंत्र बसवताना अर्धवट गुंगीत तुला छातीवरची ओढाताण कळत होती, हे तू मला एकदाच, दिवा घालवल्यावर, सांगितलं होतंस. "घाबरलो" असं तू म्हणणार नाहीस. माझा राग तुला आयता सापडला. त्याच्यामागे उभं राहिलं की घाबरलेला माणूस दिसत नाही, आज्ञाधारक नवरा दिसतो.

सोमवारी मी चष्म्याची काडी बसवायला जाते म्हणून गेले होते. काडी धडधाकट आहे. मी हॉस्पिटलात गेले. नंबर लावलेला नव्हता, तेव्हा सगळे पेशंट संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक आजोबा दुसऱ्या आजोबांना आपली शीर दाखवत होते. मी कुणाशी भांडले नाही. ही नोंद घे.

आत गेल्यावर त्या बाई म्हणाल्या, "काकू? काका कुठे आहेत?"

मी म्हटलं, "मी माफी मागायला आले आहे. बोलले ते मागे घ्यायला नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नेमकं काय करायला आलात?"

"बोलले ते खरं होतं. तुम्हाला बोलले ते चुकलं. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही शाळेत असाल."

"कॉलेजात," त्या म्हणाल्या.

"तेच ते."

हसल्या. मग म्हणाल्या, "काकू, तुमचा राग बरोबर आहे. मध्ये इको व्हायला हवा होता. सगळ्यांना असं होत नाही, म्हणून कुणी शोधायला जात नाही. ज्याला होतं तो राहून जातो." मी विचारलं, "मग मी ओरडू कुणावर?" खांबोजी, आयुष्यभर मला ओरडायला कुणीतरी मिळालं. चुकीचा नंबर लावणारी पोरगी, लाइन न उचलणारं दुसरं एक्स्चेंज, प्लंबर, तू. इथे तार घालणारे मोठे डॉक्टर केव्हाच वारले, बॅटरीवाल्यानं बॅटरी नीटच बघितली, आणि समोर बसलेल्या पोरीनं तर आजार शोधून काढला. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

मी विचारलं, "बरं वाटेल याची खात्री देता?" म्हणाल्या, "नाही. बऱ्याच जणांचा पंप सुधारतो, काहींचा नाही. पण हे असंच ठेवलं तर पंप आपणहून वर येणार नाही, खालीच जाईल. ते थांबवायला अजून वेळ हातात आहे." मी म्हटलं, "कुठे सही करू?" तर म्हणतात, "तुमची चालत नाही, काकू. काका शुद्धीवर आहेत, होकार त्यांचाच लागतो." तिथे, त्यांच्या टेबलासमोर, मी रडले. शाळा सोडल्यापासून परक्या माणसासमोर पहिल्यांदा. त्यांनी पाणी दिलं आणि ऑपरेशनच्या वेळी तुला पुरती झोप देता येते हेही सांगितलं. तुझी भीती मी त्यांना सांगितली. त्याबद्दल तू माझ्यावर चिडू शकतोस.

आता हे पत्र का, ते. उद्या सकाळची खाट त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे आणि आठला टॅक्सी दारात येईल. हे तोंडानं सांगायचं नाही असा शब्द दिला आहे, म्हणून कागदावर, आणि तो कागद तुझ्या खुर्चीच्या हातावर ठेवते आहे. मी तुला उठवणार नाही, हाक मारणार नाही, मुलीला फोनवर आणणार नाही. तुझी पिशवी घेऊन खाली जाईन आणि मागच्या सीटवर, आतल्या बाजूला सरकून बसेन. तुझ्या बाजूचं दार उघडं राहील. ड्रायव्हर कटकट करेल, त्याला मी बघून घेईन. तेवढं अजून जमतं मला. तू आला नाहीस तर थोड्या वेळानं पिशवी घेऊन वर येईन, चहा टाकेन, आणि हा विषय खरोखरच संपेल. तुझ्यासाठी मला सगळं करता येतं, बोलता येतं, भांडता येतं, परक्यापुढे रडताही येतं. फक्त तुझ्या जागी त्या टेबलावर झोपता येत नाही आणि तुझा होकार माझ्या तोंडून चालत नाही. माझं ऐकून येऊ नकोस. ती सवय तुला मुळात नव्हतीच, आणि या आठवड्यात लावून घेतलीस ती सोडून दे. मला मूर्ख बाई म्हण, कटकटी म्हण, जिन्यावर पाहिजे तितका थांब. पण खाली ये.

तुझीच,
रिटायर झालेली सुपरवायझर